बसूला खेटलेला न

मी पाटी बोलतेय. भर बाजारातल्या चौकात, ओट्याच्या वर भिंतीला ठोकलेली. जन्माने सरकारी, त्यामुळे आवाज मुळातच चढा. अंगावर लाल अक्षरं होती : ‘येथे बसू नये’. ओट्यावर कुणी नुसतं टेकलं तरी माझा तिळपापड व्हायचा.

या बाजारात सात भाषा आणि सतरा तऱ्हा. कुलूपवाले चाचा, चहावाले अण्णा, गुंड्या विकणाऱ्या मावशी, सगळे मला भिऊन दिवसभर उभे. उभं राहून राहून मावशींचे गुडघे कामातून गेले. धंदा बंद करते म्हणायच्या. वाईट वाटायचं हो, पण नियम म्हणजे नियम!

एकदा हमाल कपाट घेऊन चालले होते. त्याचा कोपरा मला घासला आणि माझा ‘न’ साफ खरवडून गेला. उरलं काय, तर ‘येथे बसू ये’.

परभाषेची माणसं मराठी वाचायला माझ्यावरूनच शिकलेली. चाचांनी वाचलं, “बसूये!” आणि बसले. मग अण्णा बसले. मावशी तर गुंड्यांची पेटी घेऊनच बसल्या. वर्षभरात तो शब्दच झाला. भेटलं की बसूये, भांडण मिटलं की बसूये. मयताच्या घरीसुद्धा हळू आवाजात बसूये. मला मेलीला लाज वाटायची! पण मावशी पुन्हा हसायला लागल्या होत्या, मग मीही गप्प बसले.

अन् एक दिवस सरकारी पाट्या तपासणारे साहेब आले.

“पाटीचा न कुठाय? उद्याच रंगारी पाठवतो.”

“न आला की मी गेले,” मावशी म्हणाल्या.

रंगारी आला. त्याचंही मराठी बेताचंच. “एकच न काढायचाय. कुठे काढू?”

सगळ्यांनी सात भाषांत सांगितलं. मावशी गुडघे धरत उठल्या. “दादा, त्या बसूला अगदी खेटून काढा. एकटं पडतं हो बिचारं.”

त्याने काढला.

संध्याकाळी साहेबांनी बोट लावून अक्षरं मोजली. बरोबर भरली. मग मोठ्यांदा वाचलं, “येथे बसून ये.” थांबले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“सरकारी पाटी आहे साहेब,” चाचा म्हणाले. “ऐकावंच लागतं.”

साहेब बसले. अण्णांनी चहा दिला. तासाभराने उठले, ते गुडघ्यांवरचं तेल कुठलं चांगलं हे मावशींना सांगूनच.

तेव्हा बाबांनो, माझा रंग उडाला तर खुशाल नवा द्या. फक्त तो न जागचा हलवू नका. मावशींना अजून बसायचंय.