हायडेलबर्गची धमकी

"हे कुणालाच खरं वाटणार नाही, तुला तर नाहीच नाही," असं आधीच बजावून आत्माराम सोफ्यावर पाय पसरून बसले. समोर अनिमेष होता, इथे जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठात पीएचडी करणारा, रविवारी हक्काने जेवायला येणारा. आत साधना, आत्मारामांची सून, पोळ्या लाटत होती. गोष्ट तिचीच होती, पण सांगायचा मक्ता सासऱ्यांकडे.

साधना म्हणजे नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात वीस वर्षं मुरलेली वकील. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली आणि तिचा काळा कोट बॅगेत गेला तो गेलाच. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने गावातल्याच एका खाजगी लॉ स्कूलमध्ये मास्टर्ससाठी अर्ज केला आणि प्रवेश मिळवलाही. परदेशी बायकांना सल्ला देणारं एक केंद्र, ही पदवी हातात आली की तिला कामावर घ्यायला तयार होतं. अडलं होतं फीपाशी. पूर्ण फी घराला झेपणारी नव्हती, आणि होय की नाही ते कळवायचा त्या दिवशी शेवटचा दिवस होता.

तेव्हा साधना शिष्यवृत्तीसाठी घासाघीस करायला निघाली. ही विद्या तिला कुणी शिकवायला नको. पैठणी असो नाहीतर पोटगी, रीत एकच. शेजारच्या दुकानाचं नाव काढायचं, पिशवी उचलायची आणि दाराकडे चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येते. फारच चिवट माणूस असला तर आठव्या.

शेजारचं दुकानही तिच्याकडे होतं. दूरच्या हायडेलबर्गच्या विद्यापीठातून बिनफीच्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. आता तिथे तिला जाता येणार नव्हतं, हा भाग निराळा. लेक इरा शाळेच्या शेवटच्या वर्षात, आणि घरी सासऱ्यांचे दुखरे गुडघे, म्हणजे हेच, सोफ्यावर पसरलेले. पण दुसऱ्या दुकानात आपण खरंच जाणार आहोत का, हे पैठणीवाल्याला कोण सांगतं?

प्रवेशाच्या कचेरीत फ्राऊ लिंडनर बसल्या होत्या.

"कोर्स उत्तम आहे," साधना म्हणाली, "पण फी जरा जास्त वाटते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. जास्तच आहे."

साधना अडखळली. इथे समोरच्याने 'परवडत नाही हो' म्हणायचं असतं.

"माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीत तो धरता येईल की."

"ती तिशीच्या आतल्यांसाठी आहे. तुम्ही सत्तेचाळीसच्या आहात," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. टोमणा नाही, काही नाही. कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं.

मग साधनाने हुकमाचं पान टाकलं. "हायडेलबर्गला मला फुकट बोलावलंय."

फ्राऊ लिंडनर उठून उभ्या राहिल्या, त्यांनी साधनाचा हात हातात घेतला. "अभिनंदन. आल्झो, तर मग तुमचं इथलं नाव मी काढून टाकते. उगाच दोन ठिकाणी अडकायला नको." आणि त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

साधनाला कळेना, भाव नेमका कोण करतंय. तिने पर्स उचलली. एक पाऊल. दोन. तिसरं मुद्दाम रेंगाळून. आठव्याला दार आलं. मागून फक्त टाइप केल्याचा आवाज. जिन्यापाशी तिने बुटाची नाडी सोडून बांधली, मग दुसऱ्या बुटाचीही. हाक नाही. थांब्यावर तिने एक बस सोडली, दुसरी सोडली. आपण बाजार विसरलो, की ही बाई आपल्यापेक्षा पोचलेली निघाली?

"आणि तिसरी बस सुटणार," आत्मारामांचा आवाज चढला, "एवढ्यात फ्राऊ लिंडनर सायकल हाणत आल्या. फॉर्म दातात धरलेला, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. अख्खी बस थांबली. ड्रायव्हर टोपी काढून उभा. आणि बाई काय म्हणते? पूर्ण फी माफ, वर पुस्तकं आमच्याकडून, पण साधनाताई, हायडेलबर्गचं नाव काढू नका."

"ताई म्हणाल्या? जर्मनमध्ये?" अनिमेषने विचारलं.

"जा, जा. स्पष्ट म्हणाल्या."

साधना लाटणं हातात घेऊनच दारात आली.

"अहो बाबा, साफ खोटं. कुणी आलं नाही, सायकल नाही न मोजा नाही. तिसरी बस गेल्यावर मीच परत वर गेले आणि सांगितलं, हायडेलबर्गला मी जाऊच शकत नाही, घर सोडून हलता येत नाही मला. तर त्या म्हणाल्या, मग हे आधी का नाही सांगितलंत? घरच्या जबाबदारीमुळे गाव सोडता येत नाही, अशांचा फॉर्म वेगळा आहे, वयाची अट नाही. नशीब, माझी जागा अजून कुणाला गेली नव्हती. निम्मी फी सुटली. आणि त्या फॉर्मवर कारण म्हणून काय लिहिलंय, सांगू का अनिमेषला? तुमचे गुडघे."