चौघींचं प्राग

प्रागमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे कुवेतमध्ये दहा. वेळापत्रकाप्रमाणे तिघी मैत्रिणींनी आता बावीस नंबरच्या ट्रॅममध्ये असायला हवं होतं. पण ग्रुपवर अजून पांघरुणातलेच फोटो येत होते. कुवेतच्या बनेद अल-गार वस्तीतल्या आपल्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता शलाकाचा जीव वरखाली होत होता. "उठा गं बायांनो, दहानंतर किल्ल्यावर रांगा लागतात," तिने लिहिलं. लीनाने उत्तरादाखल जांभई देणारा एक पिवळा चेहरा पाठवून दिला.

सहलीचे शेवटचे दोनच दिवस उरले होते आणि या बायका ते झोपून घालवत होत्या. शलाकाला याचं अतोनात वाईट वाटलं, कारण सहल तिची होती. म्हणजे गेल्या होत्या श्वेता, लीना आणि अक्षदा, पण प्राग शोधून काढलं होतं शलाकाने. शाकाहारी जेवण कुठे मिळतं, कुठल्या पुलावर सकाळी किती वाजता ऊन येतं, स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी कुठे लागतात, असं सगळं लिहिलेलं चौदा पानी वेळापत्रक तिने तयार केलं होतं. त्याच्या तीन रंगीत प्रती काढून, त्यांना प्लास्टिकची वेष्टनं घालून वाटल्याही होत्या. बाईचा कामाचा उरक असा की समोरच्याला धाप लागावी.

नऊ वर्षांची ही चौकडी. श्वेता याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहायची, तिचा नवरा सलील तेल कंपनीत इंजिनिअर. लीना शाळेत शिकवायची, अक्षदा कुवेत सिटीत एका बँकेत होती. शलाका तिसऱ्या मजल्यावर. तिचा नवरा विश्वास राई या औद्योगिक भागातल्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामाचा सुपरवायझर होता. हा चार मजल्यांचा फरक बाकी कोणाच्या लक्षातही नसे. शलाकाच्या मात्र तो लिफ्टमध्ये शिरताना रोज लक्षात यायचा.

एप्रिलमध्ये चौघींनी एकाच दिवशी व्हिसाचे अर्ज दिले होते. तिघींचे व्हिसा आले, शलाकाचा नाकारला गेला. पासपोर्ट आणायला विश्वासच गेला होता. दारातच चपला काढत तो म्हणाला, "आमच्या कंपनीचं पत्र त्यांना चाललं नाही गं. लहान कंपनी पडली ना."

त्यानंतरचे दोन महिने विश्वासने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. शलाकाने त्याला उठता-बसता टोचून खाल्लं. भाजीत मीठ कमी पडलं तरी गाडी त्याच्या कंपनीवर येऊन थांबायची. एकदा तर श्वेताच्या घरी, भरल्या पानावरून, सगळ्यांसमोर ती बोलून गेली, "यांच्या कंपनीला राईच्या बाहेर कुत्रं विचारत नाही." सलीलने खाली मान घातली. विश्वास हसला आणि त्याने आणखी थोडी आमटी वाढून घेतली. नवरा असा निर्लज्जासारखा हसतो याचा शलाकाला आणखीच संताप आला.

तर आता तिघींच्या घरांच्या किल्ल्या शलाकाकडे होत्या. इथली पद्धतच ती. ईदच्या सुट्टीत जो कुवेतमध्ये राहील त्याने जाणाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं आणि त्या परतायच्या दिवशी फ्रिजमध्ये दूध-दही आणून ठेवायचं. शलाका ते इमानेइतबारे करत होती. सलीलही कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेला होता, त्यामुळे श्वेताचं घर बंदच होतं.

दुपारी जेवणाची भांडी विसळून होतात न होतात तोच श्वेताचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"अगं, अक्षदा दगडावरून घसरली. पाय केवढा सुजलाय! दवाखान्यात विम्याचा नंबर मागतायत आणि कागद राहिलाय घरी."

"मी पान दोनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, विम्याची प्रत प्रत्येकीने जवळ..."

"शलाका, प्लीज! बेडरूममधल्या कपाटात निळी फाइल आहे. त्यात आमच्या तिघींचा एकत्र विमा आहे. फोटो काढून पाठव, लवकर."

शलाका तशीच ओल्या हातांनी वर धावली. निळी फाइल सापडली, विम्याचा कागद सापडला, तिने फोटो पाठवला. "देवासारखी आहेस गं," श्वेताने लिहिलं. फाइल बंद करायच्या आधी शलाकाने सवयीने आतले कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले. दुसऱ्याच्या फाइलीतले कागदसुद्धा तिला वेडेवाकडे बघवत नसत.

विम्याच्या खालीच हॉटेलचे दोन कागद होते. पहिला ओळखीचा होता. दोन खोल्या, चौघींची नावं. हाच कागद शलाकाने अर्जाला जोडला होता. पण या प्रतीवर आडवं छापलं होतं, आरक्षण रद्द, नऊ एप्रिल. दुसरा कागद त्याच दिवशीचा. तीन पलंगांची एक मोठी खोली, तीन नावं. तिघींनी आपल्या अर्जांना हाच जोडला असणार.

शलाकाचा व्हिसा नाकारला गेला होता एकवीस एप्रिलला.

ती पलंगाच्या कडेवर बसली. एसी बंद होता, खोली भट्टीसारखी तापली होती, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. नऊ आणि एकवीस, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. व्हिसाचा निकाल यायच्या बारा दिवस आधीच या बाईने मला काढून टाकलं होतं आणि नंतर माझ्या गळ्यात पडून "आता तुझ्याशिवाय कसली मजा" म्हणत डोळे पुसले होते.

संध्याकाळी विश्वास आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"व्हिसा नाकारल्याचं पत्र कुठे आहे?"

"असेल कुठेतरी. का?"

"विश्वास, पत्र दे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने आपल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातून चौपदरी घडी काढून दिली. दोन महिने तो ती बरोबर घेऊन फिरत होता. पत्रात कारण एकच होतं. अर्जदाराने दाखवलेलं निवासाचं आरक्षण अस्तित्वात नाही. कंपनीचा त्यात उल्लेखही नव्हता.

"तुला माहीत होतं."

"हो. हॉटेलला फोन करून विचारलं मी. रद्द कोणी केलं तेही त्यांनी सांगितलं."

"आणि तू मला... मी तुला काय काय बोलले! सगळ्यांसमोर बोलले! तोंड शिवलं होतं का तुझं?"

विश्वास सोफ्यावर बसला. गोदामाची धूळ त्याच्या कॉलरवर होती. "शलू, तुला इथे आहे कोण? मी सकाळी सहाला जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर तुला त्या तिघीच. माझ्यावर चिडलीस तरी मी कुठे जातोय? रोज घरीच येणार. त्यांच्यावर चिडली असतीस तर तुझं काय राहिलं असतं?"

शलाकाला रडू फुटलं. त्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं आणि त्याच्या थोबाडीत मारावी असंही वाटलं. दोन महिने आपण ज्या माणसाला कमी समजलो तो आपल्याला भीक घातल्यासारखं सांभाळत होता, हे काही तिला सोसवेना.

"तू काही बोलू नकोस त्यांना," तो म्हणाला. "झालं ते झालं." तिने मान हलवली.

शनिवारी दुपारी तिघी परतल्या. अक्षदा आणि लीना आपापल्या घरी गेल्या. शलाका किल्ली द्यायला सातव्या मजल्यावर गेली. श्वेताचा रंग उजळला होता, बॅगा हॉलमध्ये पसरल्या होत्या. तिने काचेचा एक निळा पक्षी शलाकाच्या हातात ठेवला.

शलाका खरोखरच काही बोलणार नव्हती. पण श्वेता म्हणाली, "तू असतीस ना, तर किती मजा आली असती!"

"नऊ एप्रिलला माझं नाव काढलंस तेव्हाही असंच वाटलं होतं का?"

श्वेताचा चेहरा पडला. आधी ती म्हणाली, हॉटेलची काहीतरी गडबड झाली होती. मग म्हणाली, लीनाने सुचवलं होतं. मग खुर्चीत बसली आणि खरं बोलली.

"खोल्या दोन होत्या. तुझ्याबरोबर कोणी राहायचं यावरून आमची भांडणं झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, तर जिच्या नावाची निघाली ती रडायलाच लागली."

"चिठ्ठ्या?"

"तू साडेपाचला उठवतेस. एक घास तोंडात असतो तोवर उद्याचं विचारतेस. फोटोसाठी थांबलं तरी घड्याळ दाखवतेस. दुबईला गेलो होतो तेव्हा अक्षदा बाथरूममध्ये जाऊन रडत होती, तुला पत्ताही नाही. आम्ही सांगणारच होतो तुला, धीर होत नव्हता. तेवढ्यात कळलं, तुझा व्हिसाच नाकारला. सुटलो असं वाटलं आम्हाला. आता खोटं कशाला बोलू?"

"तो त्यामुळेच नाकारला. तू रद्द केलंस म्हणून."

हे मात्र श्वेताला माहीत नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला.

"वेळापत्रक तर माझंच वापरलंत," शलाका म्हणाली.

"हो गं. फार छान होतं ते." श्वेताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही खरं होतं. "शलाका, आम्हाला फक्त सुट्टी हवी होती."

भांडणारी बाई समोर असती तर शलाकाने तिला उभी सोलली असती. पण समोरची बाई रडत होती आणि एकेक अक्षर मनापासून बोलत होती. शलाकाने किल्ली टेबलावर ठेवली, काचेचा पक्षीही तिथेच ठेवला आणि ती चार मजले जिन्याने उतरली.

विश्वास दार उघडून उभाच होता. वर काय होणार हे त्याने ओळखलं असावं. शलाका आत आली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"खरं सांग. मी तशी आहे का?"

"कशी?"

"माझ्याबरोबर एका खोलीत राहायचं म्हटलं तर माणसाला रडू येतं. अशी आहे का मी?"

दोन महिने डोळ्याची पापणी न हलवता तो तिच्याशी खोटं बोलला होता. शिव्या खाल्ल्या होत्या, हसला होता, एकदाही गडबडला नव्हता. आता त्याने तोंड उघडलं, मिटलं, खिडकीकडे पाहिलं. शलाका थांबून राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कोणाला घाई न करता थांबली होती.

"चहा टाकू का तुला?" विश्वास म्हणाला.