माझ्यावर बँकेची पुस्तकं होती तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. लखनौला आलमबागमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. माझं अंग आता गुळगुळीत राहिलेलं नाही. त्यावर टाचण्यांची बारीक भोकं आहेत, आणि डावी कड हाताच्या घामानं काळपट झाली आहे.

माझा जन्म निशातगंजमधल्या एका सुताराकडे झाला. देवदाराच्या फळ्या घट्ट जोडून, मागे दोन आडव्या पट्ट्या ठोकून त्यानं मला तयार केलं. वर्ध्याहून रेल्वेत इंजिनिअर म्हणून नव्यानंच आलेले उल्हासराव मला घ्यायला आले. कुठे वाक आहे का, हे त्यांनी मला उजेडाकडे तिरपं धरून, एक डोळा मिटून पाहिलं आणि मग समाधानानं काखेत मारून घरी आणलं. पुढची बरीच वर्षं माझ्यावर पुलांचे नकाशे निघाले. घरी येणारे साहेब लोक उल्हासरावांच्या रेषेचं कौतुक करायचे. त्यातलं थोडं माझंही आहे, असं मला वाटायचं.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि मी कपाटामागे गेलो. तिथल्या भिंतीला ओल होती. माझी एक पट्टी सुटली. मला कुणी विसरलंय, असंही म्हणता येणार नाही; माझं कामच उरलं नव्हतं.

तिथून मला ओढून काढलं ते उल्हासरावांच्या मुलीनं, प्रणितानं. तेव्हा ती शाळेत होती. ती दारात झोपलेलं कुत्रं काढायची, सब्जीवाल्या भैयाची गाडी काढायची, कणीक मळणाऱ्या आईचे हात काढायची. घरात सगळे मराठी बोलायचे. प्रणिताला सगळं समजायचं, पण उत्तर बहुतेक हिंदीत यायचं.

बारावीनंतर तिला चित्रकलाच शिकायची होती. इथल्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर थोडक्यात हुकला. मग दूरच्या शहरातलं एक खासगी कॉलेज सापडलं. त्याच्या चकचकीत माहितीपुस्तिकेत काचेच्या इमारतीचे फोटो होते आणि मोठमोठ्या कंपन्यांची नावं होती. त्याच्या फीसाठी उल्हासरावांनी वर्ध्याचा आपला प्लॉट विकला. निवृत्तीनंतर तिथं घर बांधायचं, असं तिची आई कल्पनाताई नेहमी म्हणायच्या. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

प्रणिता डिग्री घेऊन परतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता फोन येईल. फोन आले, पण वेगळेच. एका जाहिरात कंपनीनं बिनपगारी काम करायला सांगितलं. एका कोचिंग क्लासला नुसते फ्लेक्स करून हवे होते. एका ठिकाणी अनुभव विचारला, आणि दुसरीकडे ‘यापेक्षा कॉम्प्युटरचा कोर्स केला असतात तर’ असं ऐकवलं. हे सगळं ती संध्याकाळी आईला हसत सांगायची. हळूहळू ते हसणं कमी झालं.

एक दिवस उल्हासराव तिच्या खोलीत आले आणि स्टुलावर बसले.

“बँकेच्या परीक्षेचा फॉर्म निघालाय,” ते म्हणाले. “भरून ठेव. प्लॉटचं मी बोलत नाही. पण तू काय करणार आहेस, हे मला कळलं तर बरं.”

प्रणितानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “पापा, मुझे भी नहीं पता.”

दुसऱ्या दिवशी तिनं रंग, ब्रश आणि कागद एका खोक्यात भरले आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. मला मात्र तिनं ठेवलं, कारण वाचायला सपाट जागा हवी होती. माझ्यावर बँकेच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं आली. ती मन लावून अभ्यास करायची. उदाहरण अडलं, तरी समासात साधं फूलसुद्धा काढायची नाही. कपाटामागे होतो तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

अशात महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात कल्पनाताईंना डॉ. प्रतिमा देवधर भेटल्या. त्या लखनौच्याच महानगर नावाच्या भागात राहायच्या आणि वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत काम करायच्या. तिथं एका प्रकल्पासाठी वनस्पतींची चित्रं काढणारं माणूस हवं होतं. “मी शिफारस करणार नाही,” त्यांनी आधीच सांगितलं. “अर्जाला कलेची डिग्री लागते, ती तिच्याकडे आहे. पुढं तिचा हात बोलेल.”

प्रणिता जायला तयार नव्हती. आईनं आग्रह केला नाही. पलंगाखालचं खोकं तेवढं बाहेर काढून ठेवलं. ते दोन दिवस खोलीच्या मधोमध पडून होतं. तिसऱ्या दिवशी प्रणितानं ते उघडलं आणि अर्ज भरला.

संस्थेत चित्र काढण्याची चाचणी होती आणि तिला स्वतःचा बोर्ड आणायचा होता. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मेट्रोनं गेलो. संस्थेत प्रत्येकासमोर एकेक फांदी ठेवलेली होती. प्रणितानं आधी फांदी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. मग पेन्सिल उचलली. तिनं फांदी हुबेहूब उतरवली. एका पानाला किड्यानं पाडलेलं भोकही काढलं.

प्रतिमाताईंनी चित्र पाहिलं. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या, “पण आमच्या कामाचं नाही. हे या एका पानाचं चित्र झालं. मला या जातीचं पान हवंय. भोक नको, सावली नको, शिरा स्पष्ट पाहिजेत.”

शेजारच्या मुलालाही असंच सांगितलं होतं. तो आपलं चित्र कसं बरोबर आहे, ते पटवत बसला होता. प्रणितानं फक्त विचारलं, “मागच्या बाजूच्या शिराही दाखवायच्या?” आणि नवा कागद लावला.

तिला ते काम मिळालं. प्रकल्प आहे तोवरच आहे, पुढचं पुढं. पगार बँकेतल्या नोकरीपेक्षा कमी आहे.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची सृष्टी आईला घेऊन आली. सृष्टीला त्याच खासगी कॉलेजात जायचं होतं. तिथं गेल्यावर नोकरी लागते का, असं तिच्या आईनं सरळ विचारलं. उल्हासराव पेपर वाचत शेजारीच बसले होते.

प्रणिता त्या दिवशी मराठीत बोलली, जरा अडखळत. “कॉलेजनं मला नोकरी नाही दिली, काकू. डिग्री नसती तर अर्ज घेतला नसता, हे खरं. पण ती डिग्री सरकारी कॉलेजची असती तरी चाललं असतं. आमच्या कॉलेजात दर आठवड्याला सगळ्यांसमोर चित्रातल्या चुका काढायचे. आधी रडायचे मी. मग ऐकून घ्यायला शिकले. ते उपयोगी पडलं. बाकी नुसती बिल्डिंग होती. सृष्टी, आधी सरकारी कॉलेजची परीक्षा दे, नंबर नाही लागला तर पुन्हा दे. घरातलं काही विकायला लावू नकोस.”

त्या दोघी गेल्या. प्रणिता वडिलांकडे बघत नव्हती.

उल्हासरावांनी पेपरची घडी केली. “प्लॉट गेला त्याचं मला काही नाही,” ते म्हणाले. “तू रंग पलंगाखाली ठेवलेस, तेव्हा मी पाहिलं होतं. आणि मला वाटलं होतं, चला, पोरगी शहाणी झाली. त्याचं वाईट वाटतं.”

प्रणिता उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, नोकरी कशानं लागते, हे सांगण्याइतकी अक्कल मला नाही. माझं मागणं एवढंच आहे: घरातलं कुणी आपलं आवडतं काम एकाएकी गुंडाळून ठेवलं, तर त्याला शहाणं म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि काय झालं, ते विचारा.