बाबांच्या आवाजात

नऊ लाख जायला किती वेळ लागतो, असं कोणी विचारलं असतं तर त्याला अगदी नेमकं सांगता आलं असतं. साच्यात ओतलेलं प्लास्टर घट्ट व्हायला लागतो तेवढा. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता. त्या सकाळी त्यानं कुणा आजोबांच्या खालच्या जबड्याचा साचा भरला, टेबलावर ठेवला आणि मोबाइल उघडला. शेअर बाजार उघडल्या उघडल्या कोसळला होता. त्यानं आदल्या दिवशी उधारीच्या जोरावर मोठे सौदे करून ठेवले होते, बाजार जरा घसरला तरी सगळं धुऊन जाईल असे. आधी त्याला वाटलं, येईल वर. मग ॲपनं त्याला न विचारताच त्याचे सौदे मोडून टाकले. त्यानं साच्याला बोट लावलं तर तो घट्ट झाला होता, आणि खात्यात चारशे बारा उरले होते.

बरं, पैसे त्याचे असते तर एक वेळ ठीक होतं. त्याचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. नोकरीत असतानाच ते गेले, आणि कंपनीकडून जे आलं ते आईनं जसंच्या तसं याच्या हातात दिलं. "तुला कळतं त्यातलं, तूच बघ," एवढंच म्हणाली. सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याआधी स्वतःच्या पगारातले थोडे गुंतवून त्याला चार पैसे सुटले होते, आणि चार पैसे सुटले की माणसाला आपण अगदी बाजाराचीच भाषा घेऊन जन्मलो असं वाटायला लागतं. त्यालाही वाटलं.

ॲप त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं. तरी अंगठा दर पाच मिनिटांनी मोबाइलवरच्या त्या रिकाम्या जागी जायचा. आई जेवताना विचारायची, "कसं चाललंय रे तुझं ते?" आणि तो म्हणायचा, "बरं चाललंय." घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. आंघोळीला पाणी अंगावर घेताना आठवायचं, रस्ता ओलांडताना आठवायचं. त्याला स्वतःची किळस यायची. लॅबमध्ये त्यानं एका बाईंच्या कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. तो मामांनी पाहिला.

मामा म्हणजे लॅबमधले सर्वांत जुने कारागीर. मामा ते कोणाचेच नव्हते, पण सगळे तसंच म्हणायचे.

"आणखी कोणी गेलं का घरात?" त्यांनी विचारलं.

"नाही. पैसे गेले."

"कुणाचे?"

"आईचे."

मामांनी सुळा उपटून काढला आणि मेण तापवायला ठेवलं. "मग सांगून टाक. आणि हे बघ, कारणं देत बसू नकोस. बाजार असा नि ॲप तसं, काही नाही. नुसती माफी माग."

सांगणं सोपं असतं. करायचं ज्याला असतं त्याची बोबडी वळते. त्यानं ठरवलं, आधी सराव करू. रोज पहाटे आई उठायच्या आत तो गॅलरीत जायचा. काचा लावून बंद केलेली ती गॅलरी, तिच्यात कपडे धुवायचं मशीन, दोऱ्या आणि पोपटाचा पिंजरा. मशीनवर हात टेकून तो हळू आवाजात म्हणायचा, "आई, मला माफ कर. माझं चुकलं." पुन्हा म्हणायचा. दहा वेळा, पंधरा वेळा. शेवटी आवंढा यायचा, मग तो थांबायचा. आत आई उठल्याची चाहूल लागली की सगळं अवसान गळून जायचं, आणि तो ब्रश शोधायला लागायचा. असे वीस-बावीस दिवस गेले.

पोपट बाबांचा. त्याचं नाव मास्तर, कारण तो मान वाकडी करून माणसाकडे असा बघायचा की बघणाऱ्याला आपण गृहपाठ केला नाही असं वाटावं. बाबांनी त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: "चहा झाला का?" आणि आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून ते वरच्या मजल्यांकडे ओरडत आले ते "दार लावा!" पाहुणे हसून हसून लोळायचे. बाबा गेल्यावर मात्र मास्तरनं तोंड मिटलं ते आठ महिने उघडलं नाही.

एका संध्याकाळी तो कामावरून आला तर आई गॅलरीत उभी होती. हातात पिळलेला टॉवेल, त्यातून पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"ऐक," ती म्हणाली.

पिंजऱ्यातून बाबा बोलले, "मला माफ कर. माझं चुकलं."

क्षणभर त्यानं मागे वळून दारात पाहिलं. मग पुन्हा तेच शब्द आले आणि शेवटी तो बारीकसा आवंढा, आणि त्याला कळलं. त्याचा आवाज बाबांसारखा होता, तोही पहाटेचा, जड. फोनवर तर बाबांचे मित्र अजून चपापायचे. मास्तरनं सगळं उचललं होतं, फक्त सुरुवातीचं "आई" तेवढं टाकून दिलं होतं.

आणि मराठीत मुलगा आईला म्हणतो "कर", नवराही बायकोला म्हणतो "कर".

"बावीस वर्षं झाली रे," आई म्हणाली. ती काय म्हणतेय ते त्याला ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी तिला एक दुकानाचा गाळा दिला होता, शिवणकाम सुरू कर म्हणून. बाबांनी तिला न विचारता तो मित्राच्या धंद्यात गुंतवला आणि मित्रासकट घालवला. त्यानंतर "आता तो विषय नको" याखेरीज त्यांनी एक शब्द काढला नव्हता. "तोंडावर म्हणायचा धीर झाला नसेल त्यांना. इथे येऊन मास्तरसमोर सराव करत असतील. मला कधी पत्ता लागू दिला नाही बघ."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि दोरीवर टाकला.

त्या दिवसापासून घरात बाबा पुन्हा राहायला आले. आई सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, केस विंचरत पिंजऱ्याशी भांडायची. "आता सुचतंय होय? तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?" भांडता भांडता हसायची. आणि एक दिवस आतल्या खोलीत बूट घालताना त्यानं ऐकलं, "बरं, केलं माफ. जा." त्याच्या छातीवरचं काहीतरी सुटलं, खरोखर सुटलं, पायरी उतरेपर्यंत त्याला हलकं वाटलं. मग लक्षात आलं की ही माफी आपल्याला नव्हे, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तो एकटा असला की पोपट त्याच्याकडेच बघून बोलायचा. गेलेला बाप पोराची माफी मागतोय, की आपणच आपल्याच आवाजात आपल्या मागे लागलोय, हेही त्याला कळेनासं झालं. त्यानं पिंजऱ्यावर चादर टाकली, तर चादरीखालून आवाज आला. एका पहाटे त्यानं खिडकीची काच सरकवली, पिंजऱ्याची कडी काढली आणि बाजूला उभा राहिला. मास्तर दारापर्यंत आला. बाहेर बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच खड्ड्यातून ओरडल्यासारखा ओरडला, "दार लावा!"

त्यानं दार लावलं.

पुढच्या गुरुवारी आई बाहेरून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "आपल्या त्या गाळ्याच्या ओळीतच एक रिकामा झालाय. दोन दुकानं सोडून. मी बोलून आले. उद्या डिपॉझिट भरायचं. तुझ्या बाबांच्याच पैशातून भरू, त्यांनाही बरं वाटेल. तेवढे काढून ठेव."

"आई, बस."

"बसते. आधी हो म्हण."

"पैसे नाहीत, आई."

त्यानं सगळं सांगितलं. उधारीचे सौदे, ती सकाळ, ॲप. ती त्याच्याकडे बघत ऐकत राहिली, पर्स मांडीवर धरून.

"सगळे?"

"चारशे बारा आहेत."

"कधी गेले?"

"दोन महिने झाले."

"आणि मी रोज विचारत होते."

"हो."

ती वाट बघत होती, आणि कसली ते त्याला माहीत होतं. ते शब्द त्याच्या तोंडात तयार होते, इतके घोटलेले की नुसते ओठ उघडले असते तरी सांडले असते. पण त्याच्या तोंडून, त्या आवाजात, त्याच क्रमानं ते निघाले असते तर मास्तर ते कोणाकडून शिकला हे आईला समजायला एक क्षण लागला नसता. पैसे तर त्यानं घालवलेच होते. हे एवढं तिच्याजवळ राहिलं होतं.

"मी फेडीन," तो म्हणाला. "रविवारीही काम घेतो."

"ते विचारलं का मी?"

"नाही."

"मग? दुसरं काही म्हणायचंय तुला?"

त्यानं जमिनीकडे बघत मान हलवली. नाही.

आईनं पर्स खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "तुझा बाप हट्टी होता. पण त्यानं मेल्यावर का होईना, म्हटलं. तुझ्या जिवंत तोंडातून तेवढं निघेना."

ती उठून गॅलरीत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग बाबा बोलले, जड आवाजात, शेवटी आवंढा गिळून.

"तुम्ही कशाला मागताय आता," आई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मागायची ज्यानं, तो आत गप्प बसलाय."