स्वसंरक्षणार्थ अर्ज

रोज सकाळी अंघोळ झाली की शिरीष पलंगाशी हात वर करून उभा राहायचा आणि अण्णा त्याच्या पोटाला पट्टा बांधायचे. डॉक्टरांनी दिलेला रुंद, ताणला जाणारा पट्टा होता तो. फार आवळला तर जखमेला रग लागायची, सैल ठेवला तर खोकताना पोट फाटतंय की काय असं व्हायचं. शिरीषच्या बायकोला, स्वप्नाला ते प्रमाण कधी साधलं नाही, अण्णांना साधलं. आयुष्यात आपल्याला नीट जमलेली ही दुसरी गोष्ट, असं त्यांना वाटे. पहिली म्हणजे अक्षर.

अण्णा, म्हणजे विश्वनाथ आगटे, साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलाच्या पोटात कुणीतरी सुरा खुपसला हे त्यांना फोनवर कळलं. व्हिसा हाती पडून ते न्यूझीलंडला, पापाकुराला पोचले, तेव्हा आतड्याचा वीतभर तुकडा काढून शिरीष घरी आलेला होता. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा अण्णा तोंड धुण्याच्या निमित्तानं न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

आता नववा आठवडा होता. सोमवारी दुकान उघडायचं ठरलं होतं. शिरीष पुण्याहून आला तो इंजिनिअर म्हणून. पण इथला अनुभव नाही म्हणून दीड वर्ष कुणी दारात उभं केलं नाही, तेव्हा त्यानं कोपऱ्यावरची एक डेअरी घेतली. दूध, पाव, सिगारेटी, पोरांच्या गोळ्या. इथे असल्या दुकानाला डेअरीच म्हणतात.

त्या सकाळी पट्ट्याचा पहिला वेढा झाला तसा शिरीष म्हणाला, "थांबा अण्णा. आता हे मध्ये बसवायचंय."

उशीवर टॉवेलची घडी होती. त्यानं ती उलगडली. आत पिस्तूल होतं. काळं, आखूड, हाताच्या पंज्याएवढं.

"हे कुठलं?"

"आहे दोन वर्षांपासून. पहिल्यांदा दुकान लुटलं ना, तेव्हा घेतलं. कमरेला खोचून असायचो रोज, शर्टाच्या आत. तुम्हाला कोण सांगणार होतं?"

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी माझ्या मित्राकडे, श्रीनाथकडे सत्यनारायण होता. पूजेला बसायचं, अंगावर हे कशाला, म्हणून काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिथून तसाच दुकानात गेलो." शिरीष हसला आणि हसताना त्यानं पोट धरलं. "प्रसाद मिळाला."

शिरीष आपल्या परीनं समजावू लागला. पँटच्या पट्ट्यात खोचलं की मूठ टाक्यांवर रुतते. पाठीमागे ठेवलं तर हात तिथवर वळत नाही. म्हणून उजव्या कुशीला, या पट्ट्याच्या दोन वेढ्यांच्या मध्ये. त्यानं सगळा विचार करून ठेवला होता, इंजिनिअरच तो.

अण्णांच्या हातांनी ते केलं. अण्णा नंतर नेहमी असंच म्हणत, हातांनी केलं. गार लोखंड मुलाच्या उबदार कुशीवर ठेवलं, वरून वेढा दिला, टोक चिकटवलं. शिरीषनं शर्ट खाली सोडला.

"दिसतंय?"

"नाही."

मग शिरीषनं ते बाहेर काढून पाहिलं. पहिल्या झटक्याला त्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. "होईल सवयीनं," तो दात आवळून म्हणाला. "आणखी चार दिवस आहेत."

अण्णा स्वयंपाकघरात गेले. स्वप्ना पोळ्या लाटत होती.

"स्वप्ना, तुला ठाऊक आहे?"

"आहे."

"अगं, पण उद्या त्याच्या हातून काही झालं म्हणजे? किंवा तो काढेपर्यंत समोरच्यानं..."

"अण्णा, दुकानाची फरशी मी पुसली," ती पोळी उलटत म्हणाली. "दोन बादल्या लागल्या. मला आता काही विचारू नका."

जेवताना अण्णांनी कसंबसं विचारलं, "याला परवाना?"

"इथे स्वसंरक्षणासाठी परवाना देत नाहीत."

"देत नाहीत म्हणजे? अर्ज तर घेत असतील."

"ही तुमची कचेरी नाही, अण्णा. सापडलं तर तुरुंग. म्हणून तर शर्टाच्या आत." त्यानं आमटीचा भुरका मारला. "आता तोंड का पाडलंत? तुम्ही तीस वर्षं सावकारांना बंदुका वाटल्यात."

ते खरं होतं. गृहशाखेत शस्त्र परवान्यांचं टेबल अण्णांकडे होतं. त्यांनी जन्मात कधी बंदूक हातात धरली नव्हती, पण हजारो बंदुका त्यांच्या अक्षरातून गेल्या होत्या.

अण्णांना एवढंच करायचं होतं: मुलासमोर बसून 'हे अंगावर घेऊन जाऊ नकोस' म्हणायचं. तीन दिवस ते त्या वाक्याच्या मागे होते. सकाळी पट्टा बांधताना ओठांपर्यंत यायचं, आणि शिरीष म्हणायचा, "थोडं वर घ्या, हां, आता बरोबर," की ते परत आत जायचं. आपण कोण सांगणारे? आपल्या पोटात सुरा गेला नाही. आपण कधी कुणाला अडवलं नाही, साहेबांना नाही, बायकोला नाही, परदेशी निघालेल्या या पोरालाही नाही. वाचनालयात जाऊन ते वर्तमानपत्र समोर धरून बसत आणि एक ओळही डोक्यात शिरत नसे. एकदा तर वर्तमानपत्र उलटं असल्याचं शेजारच्या बाईनं दाखवून दिलं.

शुक्रवारी त्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. तीन खर्डे झाले. इंग्रजी होतं, पण वळण कचेरीचं. अर्जदाराचं नाव, पत्ता, हल्ल्याची तारीख, शस्त्रक्रियेचा तपशील, जिवास असलेला धोका. शेवटच्या परिच्छेदात: सदर शस्त्र अर्जदाराच्या ताब्यात आधीपासून असून ते नियमित करून मिळावे, ही विनंती. खाली सही, अर्जदाराचे वडील.

शनिवारी सकाळी पट्टा बांधून, शिरीष दुकानात माल लावायला गेल्यावर, ते चालत पोलीस ठाण्यात गेले. पावसाची बुरबुर होती. काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होती, खांद्यावर पट्ट्या. "किआ ओरा," ती इथल्या रीतीनं स्वागत करत म्हणाली. अण्णांनी छत्री मिटली, नमस्कार केला आणि अर्ज पुढे सरकवला.

तिनं पहिला परिच्छेद वाचला तेव्हा तिचा चेहरा मऊ झाला. शेवटचा वाचला, पुन्हा वाचला.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो, मॅडम."

"बसा ना. चहा घेणार?" मग अगदी सहज, "ते पिस्तूल आत्ता घरी आहे का?"

"नाही. त्याच्या अंगावर आहे. उजव्या कुशीला," अण्णा म्हणाले. "पोटाच्या पट्ट्यात. तो दुकानात आहे."

"थँक यू," ती म्हणाली आणि अर्ज घेऊन आत गेली.

दार बंद झालं. अण्णा बाकावर बसले. आतून फोनवरचं घाईचं बोलणं ऐकू आलं, मग मागच्या अंगाला गाड्या सुरू झाल्याचा आवाज. एक, दोन, तीन. थोड्या वेळानं दुसऱ्या एका तरुण पोलिसानं त्यांना चहाचा कप आणून दिला. अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मला पोच मिळेल का? अर्ज मिळाल्याची. शिक्का नसला तरी चालेल." त्याला ते काय मागताहेत ते कळलं नाही. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

पुढचं त्यांना स्वप्नाकडून कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजू बंद केल्या होत्या. शिरीषला हाका मारून बाहेर बोलावलं, हात डोक्यावर ठेवायला लावले आणि फुटपाथवर पालथं झोपायला सांगितलं. त्याला कुणी मारलं नाही, ढकललं नाही. त्यानं सांगायचा प्रयत्न केला की पोटाचं ऑपरेशन झालंय; पण लांबून ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मग तो गुडघ्यांवर आला आणि स्वतःच, हात न टेकता, पोटावर झोपला.

आतले टाके सुटले. रेघेच्या मधोमध मुठीएवढा फुगवटा आला. आता आत जाळी घालून पुन्हा शिवायचं, म्हणजे आणखी तीन-चार महिने. दुकानाचं दार बंद ते बंदच. खटला उभा राहिला. जामिनावर घरी सोडलं, पासपोर्ट ठेवून घेतला. शिक्षा झाली तर बहुधा देशाबाहेर काढतील, असं वकील म्हणाला. स्वप्ना अण्णांचं ताट वाढून टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

शिरीषनं पाच दिवस काही विचारलं नाही. कुण्या गिऱ्हाइकानं चुगली केली असेल, असं तो स्वप्नाशी बोलताना अण्णांनी ऐकलं. सहाव्या दिवशी वकिलाकडून कागद आले. दुपारी त्यानं अण्णांना हाक मारली. तो उताणा पडून होता. छातीवर अर्जाची झेरॉक्स होती.

"काय सुंदर अक्षर आहे हो," तो म्हणाला.

अण्णा दाराशीच उभे राहिले.

"बसा. मी काही ओरडणार नाही, ओरडलं की दुखतं." तो छताकडे पाहत होता. "मी स्वप्नाला म्हटलं, म्हातारा बावळट आहे. त्याला वाटलं असेल, साताऱ्यासारखं असतं. अर्ज केला की साहेब सही करतो. असंच ना? चूक झाली तुमच्याकडून. तेवढं म्हणा, अण्णा. म्हणजे मलाही जरा बरं वाटेल."

'हो' म्हणणं फार सोपं होतं. बावळट म्हणवून घ्यायची अण्णांना सवय होती.

पण त्यांना खटाव तालुक्यातला एक म्हातारा आठवत होता. आज्याची बंदूक घरात विनापरवाना सापडली म्हणून तो ती कायद्यात बसवायला आला होता. अर्जात त्यानं प्रामाणिकपणे तसं लिहिलं होतं. अण्णांनी इकडंतिकडं पाहून त्याला खुणेनं जवळ बोलावलं होतं आणि हळूच सांगितलं होतं, 'बाबा, ही ओळ खोडा. हा कागद पुढे गेला तर परवान्याआधी बेडी येईल.' त्याच्या आधी आणि नंतर असे किती आले असतील! प्रत्येकाची ती ओळ अण्णांनी खोडायला लावली होती. तिचा अर्थ साऱ्या जिल्ह्यात त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. आणि वाचनालयात तीन खर्डे करताना तिन्ही वेळा त्यांनी ती लिहिली होती, तिसऱ्यांदा अधिक स्वच्छ.

"चूक नव्हती," अण्णा म्हणाले.

"काय?"

"मला माहीत होतं. ते येतील आणि घेऊन जातील, हे माहीत होतं. तुला असं पालथं झोपवतील हे नव्हतं माहीत. बाकीचं होतं."

शिरीषनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर कुणाच्या तरी अंगणात गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"मग मला का नाही सांगितलंत? रोज सकाळी माझ्या पोटाशी असायचात तुम्ही. नुसतं नको म्हणायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

अण्णांना वाटलं होतं, तो लगेच 'नाही' म्हणेल. त्या 'नाही'च्या आधारानं उरलेले दिवस काढता आले असते. पण शिरीष विचार करू लागला. खरंच विचार करू लागला, लहानपणी गणित घातलं की करायचा तसा, भुवया आखडून.

"अण्णा, मला भीती वाटत होती त्याची," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. अंगावर असलं की जास्त. कुणीतरी नको म्हणावं म्हणून तर तुम्हाला ते बांधायला लावलं."

त्यानं छातीवरचा कागद बाजूला ठेवला आणि कूस बदलायला लागला, एक तळहात फुगवट्यावर दाबून, इंच-इंच, भिंतीच्या बाजूला. अण्णा धरायला पुढे झाले. शिरीषनं दुसरा हात किंचित वर केला, नको म्हणून. अण्णा थांबले. त्याचं तोंड पूर्ण भिंतीकडे होईपर्यंत ते तिथेच उभे होते.