कंपनीचा नियम

धंदा कसा करावा याबद्दल ऋतिकाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत साधं होतं: करू नये. खराडी गावठाणात अगदी रस्त्याला लागून आमचा गाळा आहे, समोर आयटी पार्क. "गाळा भाड्याने द्या आणि गप घरी बसा," ती म्हणाली. साडू भागीदारीला एका पायावर तयार होता. पण साडूची भागीदारी म्हणजे नफा त्याचा आणि सासुरवाडीच्या तक्रारी माझ्या. उरले दोनच मार्ग. स्वतःचं हॉटेल, नाहीतर चहाच्या एखाद्या कंपनीची फ्रँचायझी.

स्वतःचं हॉटेल मी एकदा काढून पाहिलं होतं. भैरवनाथ स्नॅक्स. चव उत्तम, गर्दी तर विचारू नका. फक्त गल्ल्याकडे कुणी फिरकायचं नाही, कारण गर्दी सगळी भावकीची. माझे चुलते हिंदुरावकाका सकाळी पंगतीएवढी माणसं घेऊन यायचे, मिसळ हाणायचे आणि जाताना मोठ्याने म्हणायचे, "आपल्याच पोराचं हाटेल हाय!" आपल्या माणसाकडे पैसे मागायची आमच्यात पद्धत नाही. मागितलेच, तर भावकीतल्या पुढच्या लग्नात मानाचा फेटा विसरायचा. मला फेट्याची भारी हौस. हॉटेल वर्षाच्या आत बसलं.

म्हणून मी फ्रँचायझी घेतली. ऋतिकाला सांगितलं, ब्रँड आहे, सिस्टीम आहे, ट्रेनिंग आहे. खरं कारण मनात ठेवलं. कंपनीच्या आडून मला भावकीला बिल देता येणार होतं, आणि फेटाही शाबूत राहणार होता.

उद्घाटन झालं आणि दुसऱ्याच दिवशी हिंदुरावकाका फौज घेऊन हजर. चहा पिऊन काका उठले. मी मशीनमधून बिल काढलं आणि चेहरा पाडता येईल तेवढा पाडला.

"काका, माझ्या हातात काही नाही. कप न् कप मशीनमध्ये मोजला जातो. कंपनीचा नियम आहे."

"म्हंजी दुकान तुझं न्हाय?"

"नावाला माझं."

काकांनी पाकीट काढलं, वर माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी आत जाऊन हसून घेतलं.

हळूहळू सगळी भावकी रोख देऊ लागली, आणि शिव्या कंपनीला. इतका हुशार माणूस आपल्या घराण्यात आजवर झालाच नसावा, अशी माझी खात्री पटली.

काकांची बायको सोजरकाकी तर रोज दुपारी यायची. लहानपणी माझी आई सतत आजारी, तेव्हा मला जेवू घातलं, न्हाऊ घातलं ते हिनेच. रोज गावातल्या कुणा ना कुणा बाईला ओढून आणायची, चहा प्यायची आणि कमरेच्या बटव्यातून दोघींचे पैसे काढून द्यायची. ते घेताना माझा हात अडखळायचा. पण एकीला सोडलं की सगळी भावकी मोकळी. त्यामुळे हात अडखळायचा आणि घ्यायचा.

एका दुपारी कंपनीचा साईनाथ तपासणीला आला. कोवळा पोरगा, गळ्यात ओळखपत्र. मी नेमका "काकी, सुट्टे आहेत का?" म्हणत तिचे पैसे घेत होतो, मागे भावकीतले चारपाच जण चहा पीत होते.

"सर, आजींकडून पैसे काय घेता?" साईनाथ म्हणाला. "फॅमिलीला कॉम्प्लिमेंटरी द्या ना! सगळे देतात. पावडर आमच्याकडून घ्या, बाकी शॉप तुमचं."

मी उकळणाऱ्या दुधाकडे असं बघत राहिलो, जणू दूध आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय.

काकीने त्याला विचारलं, "म्हंजी पैसं घ्यायचं का न्हाय, ते ह्योच ठरवतो?"

"अर्थात! मालक आहेत ते."

काकीने माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इक्या, मला वाटलं, कप कमी झालं तर कंपनी तुला काढंल. म्हून मी बायका गोळा करून आणत व्हते. तुजा चा लय ग्वाड, मला सोसत बी न्हाय."

पैसे गल्ल्यावर ठेवून ती निघून गेली. मागच्या मंडळींनी मुकाट्याने आपापले कप खाली ठेवले.

त्यानंतर भावकी फुकट प्यायलाही आली नाही आणि विकत प्यायलाही. आयटी पार्कवाले येत होते, धंदा चालत होता. मला मात्र दुकानात बसवेना.

एक दिवस पाहतो तर काकी समोरच्या चहाच्या हातगाडीवर उभी. मी गल्ला तसाच टाकून रस्ता ओलांडला. म्हणायचं होतं, काकी, चुकलो. तोंडातून निघालं, "इथे चहा चांगला मिळतो का?" स्वतःचं चहाचं दुकान असलेला माणूस हे विचारत होता. गाडीवाल्याने कीव करून माझ्याकडे पाहिलं.

"पिऊन बग की," काकी म्हणाली.

आम्ही शेजारीशेजारी उभं राहून चहा प्यायलो. शेवटी कसंबसं म्हणालो, "चुकलो, काकी." तिने उरलेला चहा संपवला. मी खिशात हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने बटवा काढला.

"ऱ्हाऊ दे तुजं पैसं," ती म्हणाली. "म्या कुटली कंपनी घेतली न्हाय."