एका घरात एकदाच

माझी बायको गेली तेव्हा आमच्या दोन्ही कुत्र्यांनी सहा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी जेवलो. हे मी कुणाला सांगत नाही, पण कुत्र्यांना ते ठाऊक आहे असं मला सारखं वाटतं.

एक बटण आणि एक वकील. बटण पांढरी, एवढीशी, बायकोच्या शिलाई मशीनच्या पायपट्टीवर झोपून वाढलेली. वकील तपकिरी, फेंगड्या पायांचा, कुठल्याही प्रकरणात दोन्ही बाजूंनी भुंकणारा. दोघंही तिची. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस; सकाळी सातला बाहेर पडायचो आणि ग्रीस लागलेले हात घेऊन परतायचो. घरात माझा नंबर चौथा. सातव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, मग बटणने माझ्या हातून दोन घास खाल्ले, माझी कीव आल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला निभावलं. पुन्हा अशी उपाशी राहिली तर वाचायची नाही. आणि ती गेली की तो मागे राहायचा नाही."

ती दोघं म्हणजे बायकोचं शेवटचं जिवंत काही होतं घरात. ती गेली तर मी भिंतींशी बोलणार होतो.

सव्वा वर्षानं माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. मुलगी दुसऱ्या शहरात, डोळ्यांच्याच दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "बाबा, ऑपरेशन इथेच करू. पंधरा दिवस राहा." जावयाला कुत्र्यांच्या केसांनी दमा होतो, म्हणजे यांना नेता येणार नव्हतं. कुत्र्यांचं पाळणाघर आम्ही एकदा करून पाहिलं होतं. एका दिवसात वकिलानं स्वतःचा पाय चावून सोलून काढला. राहिला एकच मार्ग, घरी येऊन राहणारं माणूस शोधायचा.

मुलीनं फोनवर सतरा प्रश्नांची यादी लिहून घ्यायला लावली. आधी कुठे काम केलं, कुणाला विचारता येईल, कुत्रं आजारी पडलं तर काय कराल. मी शहाण्यासारखा कागद घेऊन बसलो.

पहिली आली ती एक कॉलेजातली मुलगी. तिनं कुत्र्यांचे चाळीस फोटो काढले आणि त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. दुसरे आले ते निवृत्त कवायत मास्तर, गळ्यात शिट्टी. त्यांनी शिट्टी मारली, वकिलानं प्रतिवाद केला, आणि दोघांत जे जुंपलं ते सोडवायला खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. मी यादीच्या कडेला दोन फुल्या मारल्या. जायला नऊ दिवस उरले होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिसरीचा नंबर जनावरांच्या डॉक्टरांनी दिला. देताना जरा घुटमळले. "काम उत्तम करते," म्हणाले, "पण मी तिला फार कुणाकडे पाठवत नाही." मी गरजवंत, आणि गरजवंताला अक्कल नसते. मी का ते विचारलं नाही.

बाई पन्नाशीची असावी. चेहरा असा, की जिना उतरेपर्यंत विसरावा. तिनं बेल दाबली आणि वकील भुंकला नाही. त्या घरात पोस्टमन, शेजारी, माझी सख्खी बहीण, कुणीही आलं तरी भुंकणारा प्राणी, तो दाराशी जाऊन नुसता बसला, मान तिरकी करून. माझ्या पाठीवर काटा आला. मी स्वतःला म्हटलं, बरंच झालं की.

मी यादी काढली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि कुत्र्यांकडे बघत विचारलं, "ही कुणाची?"

"माझ्या बायकोची. ती नाही आता."

"कशा चालायच्या?"

"कोण, कुत्री?"

"त्या."

मला राग यायला हवा होता. पण सव्वा वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, डावा पाय जरा ओढायची. बाई उठली आणि खोलीतून चालत गेली. "असा?" मी म्हटलं, एवढा नाही. ती पुन्हा चालली. बटणनं डोकं वर केलं.

"कुत्र्याला माणूस कुठे दिसतं?" ती म्हणाली. "त्याला पावलं कळतात, वास कळतो, वेळ कळते. तेवढं जागच्या जागी असलं की ते जेवतं. माझं काम एवढंच." मग तिनं सहज विचारलं, "न धुतलेलं काही ठेवलंय ना तुम्ही?"

होतं. राखाडी स्वेटर, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, कपाटाच्या तळाशी. माझ्या मुलीलाही ते माहीत नव्हतं. मी ताकास तूर लागू न देता म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "घेऊन या," आणि कपाटाच्या खोलीकडे पाहिलं.

पुढे चार दुपारी ती आली आणि मी बोलत राहिलो. बशा कशा ठेवायची, वाईट बातमी द्यायच्या आधी घसा कसा खाकरायची, दुपारी मशीनवर किती वेळ बसायची, कात्री शोधताना स्वतःवर कशी चिडायची. कुत्र्यांना लागतं त्याच्या दसपट सांगितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी बायकोशी इतकं बोललो नसेन, तेवढं तिच्याविषयी या परक्या बाईशी बोललो. ती लिहून घेत नव्हती, फक्त ओठ हलवत होती.

पाचव्या दिवशी चाचणी. मी कामावर गेलो आणि चारला परतलो. मधल्या जिन्यावर असतानाच मशीनचा आवाज आला. सव्वा वर्ष बंद असलेली मशीन. लिफ्टच्या मोटरचा आवाज ऐकून मी गिअरचा कुठला दात झिजलाय ते सांगतो. त्या मशीनवर कुणाचा पाय आहे हे मला सांगता आलं असतं, आणि सांगायची हिंमत होत नव्हती. दार उघडलं. बटण पायपट्टीवर झोपली होती, पट्टीबरोबर वर-खाली होत. ताटली चाटूनपुसून लख्ख. राखाडी स्वेटरची पाठ माझ्याकडे होती, आणि ती न वळताच म्हणाली, "बूट बाहेर."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. चारही दुपारी मी आठवून पाहिल्या. नव्हतं सांगितलं.

मग ती वळली. तोच विसरण्यासारखा चेहरा. स्वेटर काढून घडी केली आणि म्हणाली, "जेवली दोघं. निघते." त्या संध्याकाळी कुत्री दाराशी बसून राहिली. खाणं समोर ठेवलं, त्यांनी वासही घेतला नाही. तिथेच मला समजायला हवं होतं. पण मीही दाराकडेच बघत होतो.

निघायच्या दिवशी ती पिशवी घेऊन आली आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "एक सांगून ठेवते. एका घरात मी एकदाच येते. चाचणी धरून एकच खेप. तुम्ही दारात पाऊल ठेवलंत की माझं संपलं. पुन्हा बोलावलंत तरी येणार नाही." मला वाटलं धंद्याची अट असेल, लिफ्टच्या करारात असल्या छप्पन असतात. मी मान हलवली आणि बॅग उचलली.

मुलीकडून मी रोज पाचला फोन करायचो. पहिले तीन दिवस बाई स्वतःच्या आवाजात, मोजकं बोलली. चौथ्या दिवशी मी विचारलं, "बटण कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? तुमचा डोळा सांगा. चोळत नाही ना?"

माझ्या हातातून फोन सुटला नाही हे नवल. मी म्हटलं, "नाही चोळत." आणि मग मी पाच मिनिटं बोललो. डोळ्यावरच्या पट्टीविषयी, जावयाच्या गाडी चालवण्याविषयी. खरं सांगतो, मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी चार वाजल्यापासून घड्याळ बघायला लागलो.

अकराव्या दिवशी मी अंघोळीला गेलो होतो आणि फोन तिकडून आला. मुलीनं उचलला. मी बाहेर आलो तर ती जमिनीवर बसलेली, फोन मांडीवर, चेहरा पांढराफटक.

"बाबा, कोण आहे ती?"

"कुत्री सांभाळणारी. काय झालं?"

"मला म्हणाली, बाळ, वाळलीस ना गं? आवाजावरून कळतं." मुलीचे दात वाजत होते. "आईचा आवाज होता तो. तुम्हाला माहीत होतं?"

ती माझ्यावर जन्मात ओरडली नव्हती, त्या दिवशी ओरडली. "उद्या जा आणि त्या बाईला घराबाहेर काढा. डोळा गेला खड्ड्यात. आई कुणाच्या अंगावर घालायची वस्तू नाही." तिचं बरोबर होतं. मला इतकी लाज वाटली की मी त्याच वेळी बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी आमच्या मजल्यावर उभा होतो. लिफ्टनं गेलो नाही. तिचं दार वाजतं, आणि मला बाईला बेसावध गाठायचं होतं. किल्ली हातात, काय बोलायचं ते तोंडपाठ. आत मशीन चालू होती. मशीन थांबली, आणि तिचा आवाज आला, कुठे मेली ही कात्री. वकिलाची नखं फरशीवर वाजली. ताटल्या धुतल्याचा आवाज, मग बटणचं ते आनंदी कुईकुई, जे मी सव्वा वर्षात ऐकलं नव्हतं. ते माझ्यासाठी कधीच नव्हतं.

मी किल्ली कुलपाशी नेली, आणि मला बाईची अट समजली.

मी पाऊल टाकलं की ती स्वेटरची घडी करून निघून जाणार. बाई गेली तर मला काय त्याचं. पण कुत्र्यांची ती दुसऱ्यांदा जाणार होती. आणि पुन्हा उपाशी राहिली तर काय, ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पंधरा दिवस त्यांनी जगावं म्हणून मी माझ्याच तोंडानं, चार दुपारी बसून, तिला पुरती घरात आणून बसवली होती. पायाच्या ओढीसकट. आता तिला काढायची म्हणजे या दोघांना मारायचं.

दाराच्या फटीशी हुंगल्याचा आवाज झाला. आधी एक नाक, मग दुसरं. मग ओढती पावलं दारापर्यंत आली. आमच्यामध्ये लाकडाची एक फळी होती. मी श्वास धरला. तिनंही धरला असावा, कारण आतून काहीच ऐकू येईना.

"कोणी नाही तिथे," ती कुत्र्यांना म्हणाली. "चला."

पावलं आत गेली. मी जिना उतरलो, कोपऱ्यावरून घरी फोन केला आणि डोळा अजून महिनाभर तरी बरा होणार नाही असं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. घाई कशाला करता?" मुलीला सांगितलं, बाईला काढून टाकलं. एका जुन्या सहकाऱ्याची रिकामी खोली दोन गल्ल्या पलीकडे होती, तिथे खाट टाकली.

त्याला आता पाच महिने होतील. संध्याकाळी ती दोघांना घेऊन बागेच्या रस्त्यानं जाते, तेव्हा मी समोरच्या बाजूला, बसथांब्याच्या आडोशाला असतो. बटण अंगानं भरली आहे. डॉक्टर परवा रस्त्यात भेटले, मला पाहून दुसरीकडे बघू लागले.

काल ती नेहमीचा रस्ता सोडून माझ्या बाजूनं आली. मला हलायला वेळ मिळाला नाही. वकील माझ्यापाशी थांबला, भुंकला नाही, माझी विजार हुंगली आणि दोन्ही फेंगडे पाय माझ्या गुडघ्यावर टेकले. मी हात खिशातच ठेवले. खाली वाकलो असतो तर मी परत आलो असं झालं असतं, आणि सगळं संपलं असतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि दोरी जरा ओढली.

"माफ करा हं," माझी बायको म्हणाली, "हा कुणाच्याही अंगावर जातो."

"असू दे," मी म्हणालो. "माझ्याकडेही होती दोन." आणि त्यांना जायला वाट करून दिली.